आधी फॅट, मग दर : राजकीय विचारवंत वाचायची माझी रीत

पहाटे साडेपाचला दूध संस्थेचं शटर वर गेलं की रांगेत पहिली किटली आमच्या गल्लीतल्या आत्तींची असते. मी दूध मापून घेते, नमुना मशीनला लावते, आकडा येतो, पावती देते. नवं फॅट मशीन बसवलं त्या आठवड्यात आत्ती मला म्हणाल्या होत्या, "वैनी, चाळीस वर्सं दूध घालतोय आमी. आता इश्वास न्हाई व्हय?" मागून एक पोरगा बोलला, "तुमच्यावर हाय ओ आत्ती, शेजारच्यावर न्हाई." रांग हसली. मला उत्तर सुचलं नाही.

पुढं मी शिवाजी विद्यापीठातून बहिःस्थ विद्यार्थी म्हणून राज्यशास्त्रात बी.ए. केलं. वय सेहेचाळीस. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिराच्या पायऱ्या तेव्हा पहिल्यांदा चढले. १८५० सालचं ते वाचनालय आहे. तिथं बसून वाचताना ध्यानात आलं की आत्तींचा प्रश्न फार जुना आहे. माणसावर विश्वास टाकायचा की मशीन बसवायचं? बसवलं तर ते कोणाच्या हातात द्यायचं? आणि त्या हातावर नजर कोणाची? राज्यशास्त्रातली बरीच मोठी पुस्तकं या तीन प्रश्नांभोवती फिरतात.

आता दर रविवारी दुपारी आमच्या गच्चीवर सहा-सात जण जमतात. दोघी स्पर्धा परीक्षेच्या तयारीत आहेत, एक बी.ए.ला आहे, एक जण गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कामाला जातो आणि केवळ आवड म्हणून येतो. त्यांच्यासोबत वाचता वाचता जी रीत बसली, ती इथं सांगते. ज्यांना हॉब्ज, लॉक, रूसो, कौटिल्य ही नावं परीक्षेपुरती माहीत आहेत आणि खरोखर वाचायची आहेत, त्यांच्यासाठी.

पहिलं काम म्हणजे गाईड बाजूला ठेवा. बहुतेक गाईडांत तीन ओळी सापडतात : हॉब्जचा माणूस स्वार्थी, लॉकचा विवेकी, रूसोचा निष्पाप. या ओळींवर गुण मिळतात, पण यातली पहिली चुकीची आहे आणि उरलेल्या दोन अर्ध्या आहेत. पाठ केल्या की पुस्तक उघडावंसंच वाटत नाही, हे त्याहून मोठं नुकसान.

त्याऐवजी दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक विचारवंताला चार पानं द्या. पहिल्या पानावर, त्यानं काय पाहिलं आणि तो कशाला भ्यायला. दुसऱ्यावर, माणूस कसा आहे हे सांगणारं त्याचं नेमकं वाक्य, आणि खाली तेच आपल्या घरच्या बोलीत. तिसऱ्या पानावर एकच शब्द मोठ्या अक्षरात लिहा : "म्हणून". माणूस असा आहे, म्हणून सरकार कसं हवं. चौथं पान कोरं सोडा. त्याचं काम शेवटी सांगते.

आमच्या धंद्यातली उपमा मुलांना लगेच पटते. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट (स्निग्धांश) आणि ९.० एस.एन.एफ. (स्निग्धांश सोडून उरलेला घन भाग) धरून दर ठरतो आणि आकडा हलला की दर हलतो. विचारवंताचंही तसंच. त्यानं माणसाची फॅट किती धरली ते एकदा कळलं की तो सरकारचा काय दर लावणार हे पुष्कळदा पुस्तक मिटूनही सांगता येतं. म्हणून सरकारवरची प्रकरणं आधी वाचू नका. माणसावरचं प्रकरण शोधा.

हॉब्जपासून सुरुवात करा, कारण त्याचा हिशोब सगळ्यांत उघडा आहे. पहिलं पान असं भरेल : जन्म १५८८, स्पॅनिश आरमार इंग्लंडवर चालून येतंय या धास्तीचं वर्ष. आपल्या आईला जुळं झालं, मी आणि भीती, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. १६४० मध्ये तो पॅरिसला निघून गेला. मागं इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली, १६४९ च्या जानेवारीत राजाचं मुंडकं उडवलं गेलं आणि १६५१ मध्ये हॉब्जचं 'लेव्हायथन' हे पुस्तक बाहेर आलं. ज्या माणसाच्या देशात शेजाऱ्यानं शेजारी मारला, तो लिहितोय. हे पान भरल्याशिवाय तेरावं प्रकरण उघडू नका.

तेराव्या प्रकरणात ते प्रसिद्ध वाक्य आहे : सर्वांवर धाक ठेवणारी सत्ता नसेल तर माणसाचं आयुष्य एकाकी, दरिद्री, ओंगळ, पशुवत आणि अल्प. सगळे तेवढंच उचलतात. पण त्याच्या आगेमागे तीन गोष्टी आहेत, त्या पेन्सिलीनं खुणावून घ्या. एक, माणसं मुळात समान आहेत, कारण सगळ्यांत अशक्त माणूससुद्धा सगळ्यांत बलवानाचा जीव घेऊ शकतो, युक्तीनं किंवा इतरांना सोबत घेऊन. दोन, भांडणाची कारणं तीन : स्पर्धा, अविश्वास आणि मान. तीन, माणसाच्या वासना स्वतः पाप नाहीत, असं तो स्पष्ट म्हणतो. म्हणजे हॉब्ज माणसाला वाईट म्हणतच नाही. भल्या माणसाला, शेजारी कसा वागेल याची खात्री नसली, तर तोही आधी हात उगारेल, एवढंच तो सांगतो.

हे आपल्या बोलीत आणायला आम्हाला बांधाशिवाय दुसरं उदाहरण लागलं नाही. उसाच्या रानात बांध का कोरला जातो? दोन सऱ्या वाढतात, ही स्पर्धा. "तो पुढच्या वर्षी कोरणारच, तर आपण आधी कोरू", हा अविश्वास. आणि कोर्टात वीस वर्षं खर्ची घालून, बांधाच्या किमतीच्या दसपट पैसा वकिलाला देऊन, "जमीन गेली तरी चालंल, पर त्याला दाखवतोच", हा मान. गच्चीवर हे बोलताना एक मुलगी गप्प झाली. तिच्या घरची केस तिसऱ्या प्रकारातली होती. तिनं वहीत लिहिलं, "आमचे आजोबा वाईट नव्हते. त्यांना खात्री नव्हती." हॉब्जवरची इतकी नेमकी ओळ मी कुठल्या गाईडात पाहिलेली नाही.

आता तिसरं पान, "म्हणून". हॉब्ज म्हणतो, म्हणून सगळ्यांनी आपापला अधिकार एका सत्तेकडे सोपवावा आणि ती सत्ता अखंड असावी. इथं थांबा आणि "म्हणून"चा बाण तपासा. बाणाच्या अलीकडे जो माणूस धरलाय, तोच पलीकडे सिंहासनावर बसलाय ना? मग त्याची फॅट वेगळी कशी निघाली? ही शंका लॉकनंही काढली. रानमांजरं आणि कोल्हे त्रास देतील म्हणून माणसं सावध राहतात आणि सिंहानं खाल्लं तर मात्र त्याला सुरक्षितता म्हणतात, इतकी ती मूर्ख आहेत का, असं तो निरंकुश राजसत्तेबद्दल विचारतो. लॉकचं पहिलं पानही लक्षात ठेवा : १६८३ मध्ये जिवाच्या भीतीनं हॉलंडला पळाला, १६८९ मध्ये शासनावरचे दोन निबंध छापले तेही नाव न घालता, आणि ते आपलेच आहेत हे मृत्युपत्रात कबूल केलं. हॉब्ज गर्दीला भ्यायला, लॉक राजाला. दोघांच्या उत्तरातला अर्धाअधिक फरक इथूनच येतो.

बाण तपासायची सवय लागली की कौटिल्य वाचताना फार मजा येते. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयात १९०५ मध्ये शामशास्त्रींच्या हाती लागली आणि १९०९ मध्ये छापली गेली, त्यामुळे एवढा जुना ग्रंथ आपल्या हाती येऊन सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत. दंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा मात्स्यन्याय त्यात आहे. तोवर हॉब्जसारखंच वाटतं. पण दुसऱ्या अधिकरणात, म्हणजे ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, तो मशीन अधिकाऱ्यांवरच बसवतो. सरकारी धन खाण्याचे चाळीस प्रकार मोजून दाखवतो आणि म्हणतो, पाण्यात फिरणारा मासा पाणी कधी पितो ते जसं कळत नाही, तसं कामावर नेमलेला माणूस पैसा कधी खातो ते कळत नाही. मी संस्थेची सचिव आहे. दरवर्षी माझी दप्तरं लेखापरीक्षकासमोर जातात. पहिल्या वर्षी मला ते लागलं होतं. कौटिल्य वाचल्यावर मी स्वतःहून दप्तरं चार दिवस आधी काढून ठेवायला लागले.

कौटिल्य वाचताना एक जागा चुकवू नका, पहिल्या अधिकरणातला तेरावा अध्याय. मात्स्यन्यायाला कंटाळलेल्या प्रजेनं मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा, मालाचा दहावा भाग त्याला ठरवून दिला, ही करारासारखी गोष्ट तिथं येते. पण ती कोण कोणाला सांगतंय ते बघा. राजाचे हेर गर्दीत मुद्दाम वाद उकरून काढतात, एक राजाला नावं ठेवतो आणि दुसरा ही गोष्ट सांगून त्याला गप्प करतो. राज्य कसं जन्मलं याची कथा इथं राज्याचीच माणसं पेरतात. पाली साहित्यातल्या अग्गञ्ञ सुत्तातही अशीच गोष्ट आहे, लोक एका योग्य माणसाला निवडतात, तांदळाचा वाटा देतात, तो 'महासम्मत'. पण ती बुद्ध सांगतो, आणि जन्मानं कोणी श्रेष्ठ नसतो हे पटवण्यासाठी सांगतो. गोष्ट जवळपास तीच, सांगणारा वेगळा, हेतू वेगळा. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर "काय पाहिलं" यासोबत "कोणाला सांगितलं" हेही लिहा.

आणि कोल्हापूरकरांनी 'आज्ञापत्र' वाचलंच पाहिजे, हा माझा आग्रह आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी करवीरच्या संभाजी छत्रपतींच्या नावानं ते लिहिलं. राजाराम महाराज जिंजीला असताना मागं राज्य सांभाळलेला हा माणूस. औरंगजेबाच्या फौजा आल्या की कोण कुठं वळतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे वतनदारांवरचं प्रकरण म्हणजे माणसाच्या स्वभावावरचा निबंधच आहे. वतनदार म्हणजे छोटे का होईना, पण स्वतंत्र देशनायकच. आहे त्यात समाधान नाही, शेजाऱ्याचं घ्यायची ओढ, आणि परचक्र आलं की वतनासाठी आधी शत्रूला जाऊन भेटणार. "म्हणून" काय? त्यांना संपवा, असं अमात्य म्हणत नाहीत. स्नेह आणि दंड या दोहोंच्या मध्ये ठेवा, असं म्हणतात. हॉब्ज जिथं एक घाव दोन तुकडे करतो, तिथं हा पन्हाळ्याच्या परिसरात राज्य चालवलेला माणूस दोन्ही हात वापरतो. आरमारासाठी लाकूड हवं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, ती झाडं त्यांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, हेही याच ग्रंथात आहे. विचारवंत म्हणून अमात्यांचं नाव आपल्या अभ्यासक्रमांत फारसं घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

किती वाचायचं? सगळं नको. हॉब्जची तेरावं, चौदावं आणि सतरावं प्रकरण. लॉकच्या दुसऱ्या निबंधातलं दुसरं, पाचवं, नववं, एकोणिसावं. रूसोच्या विषमतेवरच्या निबंधाचा दुसरा भाग आणि 'सामाजिक करार'चं पहिलं पुस्तक. आठवड्याला एक प्रकरण, दोनदा. पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घ्यायची नाही. आणि "निसर्गावस्था" हा शब्द आला की तो इतिहास समजू नका. सगळ्या जगात अशी अवस्था कधी होती असं मला वाटत नाही, हे हॉब्ज स्वतः सांगतो आणि रूसो तर सुरुवातीलाच वस्तुस्थिती बाजूला ठेवूया म्हणतो. तो एक प्रयोग आहे. सरकार काढून घेतलं तर खाली काय उरतं?

हा प्रयोग आम्ही २०१९ च्या ऑगस्टमध्ये करून बसलोय. कोणाची इच्छा नसताना.

राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं गाव करवीर तालुक्यात नदीकाठी आहे. लाईट गेली, फोन गेले, रस्ता गेला. दूध न्यायला टँकर येईना. चार दिवस गावात बाहेरचा एकही अधिकारी पोहोचू शकला नाही. जवळ एक नाव होती आणि गुऱ्हाळावरची एक काहील, जिच्यात गूळ आटवतात, तीच पाण्यावर सोडलेली.

पहिल्या दिवशी हॉब्ज बरोबर होता. ज्याचा आवाज मोठा त्याची माणसं नावेत आधी. कुलूप लावून गेलेल्या एका घरातली पेंडीची पोती रात्रीत गेली. हॉब्जचं ते उदाहरण आठवा, तुम्ही झोपताना दार लावता, घरातल्या घरात पेटीला कुलूप घालता, तेव्हा तुम्ही माणसाबद्दल माझ्यासारखंच बोलत असता.

पण त्याच दिवशी तो चूकही होता. संध्याकाळचं सगळं दूध लोकांनी स्वतःहून शाळेत आणून ओतलं, मापही न घेता. तालमीची पोरं ट्रकच्या ट्यूबा फुगवून अनोळखी माणसांना ओढून आणत होती. आणि आत्ती! पाणी उंबऱ्याला लागलं तरी म्हैस सोडून यायला तयार नव्हत्या. "तिला बांधून मी कशी जाऊ?" हॉब्जच्या माणसाची पहिली ओढ जीव वाचवण्याची. आत्तींनी तो हिशोब केलाच नाही. शेवटी म्हशीचं दावं सोडून तिला पोहत उंचावर नेली, तेव्हा त्या काहिलीत बसल्या. रूसो म्हणतो, दुसऱ्याचं दुःख बघवत नाही ही भावना विचार सुरू होण्याच्या आधीची आहे, जनावरांतसुद्धा ती दिसते. मी ती दोन्ही बाजूंनी पाहिली.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते मला फार नंतर, लॉकचं नववं प्रकरण वाचताना, उमगलं. नावेवरून मारामारी व्हायची वेळ आली, तेव्हा शाळेच्या फळ्यावर खडूनं लिहिलं : बाळंतीण आणि पोटुशी, आजारी, पोरं, म्हातारी, मग बाकीचे. वाद झाला तर निवृत्त झालेले गुरुजी ठरवतील, कारण त्यांचं घर उंचावर होतं, त्यांना नाव नकोच होती. आणि ते ठरवतील त्याप्रमाणे दोर धरायला तालमीची चार पोरं. लॉक म्हणतो, निसर्गावस्थेत तीन गोष्टींची उणीव असते : सर्वांना माहीत आणि मान्य असलेला कायदा, पक्षपात न करणारा न्यायाधीश, आणि निवाडा अंमलात आणणारी ताकद. फळा, गुरुजी, दोर. तीनशे तीस वर्षांपूर्वी हॉलंडहून परतलेल्या एका माणसानं आमच्या शाळेच्या वऱ्हांड्याचं वर्णन लिहून ठेवलं होतं. त्या रात्री वाचनालयाचं पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले.

तुमच्याकडेही असा एखादा प्रसंग असेलच. यात्रेतली चेंगराचेंगरी, करोनातली टाळेबंदी, टँकरवरची रांग, वार्षिक सभेतला गोंधळ. प्रत्येक विचारवंताला त्या प्रसंगात उभं करा आणि विचारा, तुम्ही म्हणता ते इथं दिसलं का? कुठं दिसलं नाही? उत्तर वहीच्या दुसऱ्या पानाच्या समासात लिहा. ही पायरी गाळलीत तर बाकीची सगळी मेहनत पाठांतरात जाते.

सभेवरून रूसोचा एक अवघड मुद्दा सांगून टाकते. 'सर्वांची इच्छा' आणि 'सामूहिक इच्छा' यातला फरक मुलांना कळत नाही. आमच्या सभेत विचारलं, दिवाळीला फरक, म्हणजे सभासदांना मिळणारी दुधाच्या दरातली वाढीव रक्कम, जास्त वाटायचा की त्या पैशात बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवायची टाकी, घ्यायचा? प्रत्येकानं आपल्या घरचा विचार केला तर सगळे हात फरकासाठी वर जातात. ती सर्वांची इच्छा. संस्थेचा सभासद म्हणून विचार केला तर दूध नासू नये असं प्रत्येकाला वाटतं. ती सामूहिक. इथवर रूसो पटतो. पण "सामूहिक इच्छा काय ते मलाच कळतं" असं म्हणणारा चेअरमन उभा राहिला की काय होईल, हेही त्याच सभेत बसून बघा. रूसोला भिऊन वाचा. १७६२ मध्ये जिनिव्हानं त्याचं पुस्तक जाळलं ते चूकच होतं, तरी त्यात विस्तव आहे हे खरं.

आता चौथं, कोरं पान.

पुराच्या दुसऱ्या रात्री गुरुजी मला म्हणाले, "वहिनी, घरवार यादी पाहिजे. कोण निघालं, कोण राहिलं ते कळायला." माझ्याजवळ पिशवीत कोरडं राहिलेलं एकच दप्तर होतं, संस्थेचं सभासद रजिस्टर. कंदिलाच्या उजेडात मी त्यावरून यादी उतरवली. एकेका नावापुढं बरोबरची खूण होत गेली. पहाटे यादी पूर्ण झाली आणि सगळ्यांना वाटलं, गाव निघालं. मग एका पोरानं विचारलं, "मळ्याकडच्या खोल्यांतली फौंड्रीवाली पोरं कुठायत?"

ती फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कामाला असलेली बिहारकडची सहा मुलं होती. त्यांच्याकडे म्हैस नव्हती, म्हणून ती रजिस्टरात नव्हती, म्हणून ती यादीत नव्हती. वस्तीच्या टोकाची तीन मजूर घरंही तशीच राहिली होती. सगळे एका अर्धवट बांधलेल्या घराच्या स्लॅबवर रात्रभर भिजत बसले होते. सकाळी काहील गेली आणि सगळे वाचले. पण यादी मी केली होती. माझ्या मनात कुठलाही दुष्टावा नव्हता, आणि तरी माझ्या हिशोबातला "गाव" म्हणजे जनावरवाला गाव होता.

म्हणून चौथ्या पानावर लिहायचं : याच्या यादीत कोण नाही? विचारवंत "माणूस" म्हणतो तेव्हा त्यानं कुठलं रजिस्टर समोर धरलंय? अॅरिस्टॉटलनं माणसाला स्वभावतः राजकीय प्राणी म्हटलं आणि त्याच ग्रंथात काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात असंही लिहिलं. लॉकनं स्वतःच्या श्रमावर प्रत्येकाचा हक्क सांगितला, आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे पैसे होते. रूसो, ज्यानं पहिल्यांदा जमिनीला कुंपण घालून "हे माझं" म्हणणाऱ्याला दोषी धरलं, तो 'एमिल' या शिक्षणावरच्या पुस्तकात मुलींचं शिक्षण पुरुषाला आवडेल अशा बेतानं मांडतो. १७९२ मध्ये मेरी वुलस्टनक्राफ्ट या इंग्रज लेखिकेनं त्याला तिथंच पकडलं. आपल्याकडे ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून तेच केलं : जे दोष स्त्रीचा स्वभाव म्हणून सांगता ते पुरुषात नाहीत का? कौटिल्य तर एकाच गुन्ह्याला वर्ण बघून कमी-जास्त दंड सांगतो. हे दिसलं म्हणून पुस्तक फेकून देऊ नका. त्याचंच "म्हणून" घ्या आणि वगळलेल्यांना यादीत घालून पुन्हा लिहा. जोतीराव फुल्यांनी माणसाच्या हक्कांवर लिहिणारा थॉमस पेन वाचून नेमकं हेच केलं, असं मला वाटतं.

फौंड्रीतली मुलं नंतर भेटली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "गावात राहायचं तर गावाचे नियम मान्यच धरायचे की." लॉकही असंच काहीसं म्हणतो, देशात राहता, रस्ते वापरता, म्हणजे मूक संमती. याला ह्यूम या स्कॉटिश विचारवंताचं १७४८ मधलं उत्तर वाचा. ज्या गरिबाला परकी भाषा येत नाही आणि जो रोजच्या मजुरीवर जगतो, तो देश सोडून जायला मोकळा आहे असं म्हणणं, हे झोपेत जहाजावर उचलून आणलेल्या माणसाला "तू कप्तानाला मान्यता दिलीस, नाहीतर मार समुद्रात उडी" असं म्हणण्यासारखं आहे. त्या सहा मुलांना घरमालकानं खोली दिली तेव्हा पुराची रेषा कुठवर येते हेसुद्धा कोणी सांगितलं नव्हतं.

वहीत शेवटी एक प्रश्न प्रत्येकाला विचारा : तू ज्याला स्वभाव म्हणतोस, तो स्वभावच आहे की लागलेली सवय? कोल्हापुरात बसून हा प्रश्न विचारायला फार लांब जावं लागत नाही. अमुक जातींना विद्या येणारच नाही, कारभार जमणारच नाही, हे त्या काळी स्वभाव म्हणूनच सांगितलं जात होतं. शाहू महाराजांनी त्यावर निबंध लिहिला नाही. २६ जुलै १९०२ ला हुकूम काढला की करवीर राज्यातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांतून भरा. १९१७ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, वसतिगृहं काढली. मी हा हुकूम राजकीय तत्त्वज्ञान म्हणून वाचते. त्यात माणसाबद्दल एक ठाम विधान आहे आणि लगेच त्याचं "म्हणून" आहे.

१९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत ज्या तरुणाबद्दल महाराजांनी लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळालाय, त्या बाबासाहेबांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं संविधान सभेतलं भाषण याच पानावर येतं. ग्रोट या ग्रीसच्या इतिहासकाराचा आधार घेऊन ते म्हणाले, संवैधानिक नीतिमत्ता ही उपजत भावना नाही, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. हॉब्ज आणि रूसो दोघंही माणूस मुळात काय आहे ते खणत राहिले. बाबासाहेबांनी प्रश्नच हलवला : माणसाला काय शिकवता येतं? पाठोपाठ २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषणही वाचा, मोठ्यानं वाचा, शक्यतो चारचौघांत. आमच्या गच्चीवर ते वाचायला दोन रविवार लागले, कारण मुलं दर परिच्छेदाला थांबवत होती.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. या वेळी रजिस्टर कपाटातच ठेवलं. पाऊस वाढला त्याच दिवशी गटातली मुलं आणि मी दारोदार फिरलो, कुलूपबंद दारांचीही नोंद केली, मळ्याकडच्या खोल्यांत हिंदीत विचारून नावं लिहिली. यादी नदीच्या टोकाकडून सुरू केली. पहिल्या पानावर पहिली सहा नावं फौंड्रीतल्या मुलांची होती आणि आत्तींच्या नावापुढं कंसात लिहिलं होतं, म्हशीसह.